दोन जागांची गाडी

शुक्रवार, २७ ऑक्टोबर १९९५

दिवाळीची सुट्टी संपून आज ऑफिस उघडलं. ग्रहणाच्या फोटोंचा ढीग टेबलावर पडला होता. तो निवडायला बसतोय तोच आबांनी आत बोलावलं. आबा म्हणजे लोटनराव भामरे, आमच्या दैनिकाचे संपादक. त्यांच्यासमोर दाळ मिलवाले भाईदासशेठ बसले होते. मला पाहून शेठ खुर्चीतून उठले. मी मागे वळून पाहिलं, कोणी मोठं माणूस आलंय का म्हणून. ते माझ्यासाठीच उठले होते.

शेठ म्हणाले, रविवारचं तुमचं वाहनांचं सदर मी आधी वाचतो, पहिलं पान नंतर. मग कामाचं बोलले. त्यांचे मोठे भाऊ नैरोबीहून कायमचे परत आलेत आणि येताना स्वतःची गाडी जहाजातून घेऊन आलेत. मर्सिडीज, दोनच जागांची, टप मागे दुमडून उघडी होणारी. तीन डिसेंबरला पुतण्याचं लग्न धुळ्याला आहे आणि वरात त्या गाडीतून काढायची आहे. भावाचे गुडघे गेलेत. शेठच्या ड्रायव्हरनं हात जोडले, अँबेसिडरशिवाय कशालाच हात लावणार नाही म्हणाला. तेव्हा सगळ्या गाड्या चालवून पाहिलेला माणूस जिल्ह्यात कोण, तर मी. आदल्या दिवशी ट्रायल घ्यायची, दुसऱ्या दिवशी गाडी धुळ्याला न्यायची आणि वर त्यावर लेख लिहायचा.

आबांनी माझ्या वतीनं होकार दिला. मी मान हलवली.

मला गाडी चालवता येत नाही. हे इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठं लिहिता येणार नाही. अधूनमधून येणाऱ्या या सदराचे आजवरचे चार लेख मी इंग्रजी मासिकं आणि शोरूमची पत्रकं वाचून लिहिले. माझ्याकडे सायकल आहे. नोकरीला लागताना आबांनी विचारलं होतं, ड्रायव्हिंग येतं ना, आणि मी येतं म्हणालो होतो. मला कायम करायचं की नाही ते आबा या डिसेंबरात ठरवणार आहेत.

अजून सदतीस दिवस आहेत. माणूस सदतीस दिवसांत काहीही शिकू शकतो.


शनिवार, २८ ऑक्टोबर

ओळखीचं कोणी भेटणार नाही असं ड्रायव्हिंग स्कूल शोधत शिवाजीनगरच्या पलीकडे गेलो. पत्र्याची शेड, बाहेर एक जुनी प्रीमियर पद्मिनी, पाटीवर 'महाजन मोटार ड्रायव्हिंग स्कूल'. वाटलं, कोणी महाजन मास्तर असतील. आत एक पन्नाशीच्या बाई गाडीचा प्लग कानशीनं साफ करत बसल्या होत्या. त्या बेबाबाई महाजन. स्कूल त्यांचंच. कोपऱ्यात त्यांची आई, झुंबरबाई, मांडीवर विद्यार्थ्यांची वही घेऊन बसली होती. आजीला लिहिता येत नाही, पण कोण आलं नि कोण नाही ते बरोबर ठाऊक असतं आणि आलेल्याकडून त्याच्या नावापुढे फुली मारून घेते.

मी नाव सांगितलं, अभिमन तायडे. बाई प्लग खाली ठेवून माझ्याकडे पाहायला लागल्या.

"पेपरात लिहितो तोच ना?"

मी हो म्हणालो. त्यांनी शेडच्या मागून गेल्या महिन्याची पुरवणी आणली. माझ्या लेखातल्या एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. मी लिहिलं होतं, 'घाट उतरताना गाडी चौथ्या गिअरमध्ये अलगद तरंगत येते.'

"घाट चौथ्यात उतरलास तर ब्रेक जळतील आणि तू दरीत जाशील," त्या म्हणाल्या. "हे वाचलं तेव्हाच म्हटलं, ह्या पोराने गाडी चालवलेली नाही. कधीतरी शिकायला येईल."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही, म्हणून मला जास्त लागलं. मग मी सगळं सांगून टाकलं. गाडीचं नाव त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. नंतर म्हणाल्या, सोमवारी आरटीओत जाऊन शिकाऊ लायसन काढ आणि मंगळवारपासून सकाळी सहाला येत जा.


बुधवार, १ नोव्हेंबर

क्लच नावाची वस्तू माणसानं का शोधून काढली असेल. आज मेहरूणच्या तलावाकाठी गाडी सतरा वेळा बंद पडली. बेबाअक्का (सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणायला लागलो) एकदाही ओरडल्या नाहीत. सतराव्या वेळी फक्त म्हणाल्या, "पायानं ऐक. इंजिन पायाला सांगतं." हे वाक्य चांगलं आहे. लेखात वापरीन.

परत आल्यावर आजीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लेकीला अहिराणीत विचारलं, "हाऊ पोऱ्या घाबरस का?" अक्का म्हणाल्या, घाबरतो, पण येतो रोज. मला वाटतं माझी प्रगती बरी आहे.


मंगळवार, ७ नोव्हेंबर

आज शेठच्या बंगल्यावर जाऊन गाडी पाहिली.

शेठनी स्वतः कापड ओढून काढलं. चांदीच्या रंगाची, लांब, जमिनीला टेकल्यासारखी बसलेली. जाळीच्या मधोमध तो तारा. गाडीला कुठंही कोपरा नाही. बोनेटवरून हात फिरवत गेलो तर हात दारापर्यंत न अडखळता पोचतो. दार लावलं तर आवाजसुद्धा मऊ, जाड पुस्तक मिटल्यासारखा. दारावर सीटच्या आकाराचीच छोटी बटणं आहेत. त्यातली पाठ मागे ढकलली की खरी पाठ मागे जाते. लहान मुलालाही समजेल अशी ही युक्ती ज्यानं केली त्याला दंडवत घालावासा वाटला.

मग शेठनी एक बटण दाबून धरलं. मागचं झाकण आपोआप उघडलं, टप वर उचललं गेलं, दुमडलं, आत जाऊन बसलं आणि झाकण पुन्हा मिटलं. मी मनात मोजत होतो, अर्धं मिनिट लागलं. कोणी हात लावला नाही. गाडीच्या जागी एकदम आकाश आलं. आजवर मी चार गाड्यांबद्दल 'अप्रतिम' हा शब्द लिहिला. तो आता परत घ्यावासा वाटतो.

शेठनी गाडीचं इंग्रजी माहितीपुस्तक वाचायला दिलं. म्हणाले, तुम्हाला काय गरज म्हणा.


शुक्रवार, १० नोव्हेंबर

गेले तीन दिवस शिकवणी झाल्यावर अक्का ते पुस्तक माझ्याकडून मराठीत वाचून घेतात. मला तयार करायचं म्हणून त्या एवढे कष्ट घेतात. वजन किती, मागची चाकं ओढतात की पुढची, ब्रेक दाबल्यावर चाक अडकू नये म्हणून काय केलंय, एकेक पान दोनदा. उलट्या सुलट्या बाजूनं चित्र पाहतात. मी कंटाळतो, त्या कंटाळत नाहीत.

आज कळलं की त्या गाडीला क्लचच नाही. गिअर तिचे तीच बदलते. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, दोनच पाय-पट्ट्या.

मी पुस्तक मिटून बसलो. दहा दिवस माझी डावी पोटरी सुजलेली आहे. अक्कांनी ते उघडून चित्र पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "मग डाव्या पायानं करायचं काय?"

मी म्हटलं, काही नाही, आराम.

"आराम," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहत राहिल्या.


शनिवार, १८ नोव्हेंबर

संध्याकाळी शेठच्या बंगल्यावरून सायकलनं येत होतो, तर फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली अक्का उभ्या. मला पाहून म्हणाल्या, इकडं तूरडाळ चांगली मिळते म्हणून आले होते. हातात पिशवी नव्हती. घरी विसरल्या असतील.

चालत चालत त्यांच्याबरोबर स्कूलपर्यंत गेलो. वाटेत त्यांनी आपली हकीकत सांगितली. आजवर मी विचारलंच नव्हतं. माहेर साक्री तालुक्यातलं, पिंपळनेरजवळ. लग्न होऊन सावद्याला आल्या. नवऱ्याचा एक ट्रक होता, बागांतून केळी भरून स्टेशनवरच्या वॅगनला पोचवायचा. लग्नाच्या आठव्या वर्षी नवऱ्याच्या कमरेखालचं अंग गेलं. तो खाटेवरून सांगायचा आणि ह्या अंगणात उभ्या ट्रकमध्ये बसून गिअर बदलायला शिकायच्या. मग रस्त्यावर काढला. अकरा वर्षं केळी वाहिली. रेल्वेची गाडी ठरल्या वेळी सुटायची, घड उन्हात ठेवता यायचे नाहीत, आणि दणका बसला की केळी काळी पडायची. तेव्हा वेळेवर पोचायचं आणि दणका बसू द्यायचा नाही, असं दोन्ही एकदम.

"लोक काय म्हणायचे?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी बरंच म्हणायचे. मग आपला माल माझ्याच गाडीत घाला म्हणायला लागले."

नवरा गेल्यावर ट्रक विकून त्या जळगावला आल्या. मी म्हटलं, अक्का, ह्यावर एक चांगला लेख होईल. त्या म्हणाल्या, आधी तुझा रिव्हर्स सुधार.


शुक्रवार, २४ नोव्हेंबर

झोप नीट लागत नाही. पद्मिनी आता मला बऱ्यापैकी येते. पण पद्मिनी येणं म्हणजे ती गाडी येणं नव्हे, हे कळण्याइतकं मला आता ड्रायव्हिंग कळतं. महिन्यापूर्वी हे कळत नव्हतं, तेव्हा सुखी होतो.

आबांनी आज फोटोग्राफरशी बोलून ठेवलं. पूर्ण पान, रंगीत.


गुरुवार, ३० नोव्हेंबर

लायसन मिळालं. रिव्हर्सला दुसऱ्या खेपेला पास. आजीनं माझ्या नावापुढे शेवटची फुली मारायला लावली आणि पेढा दिला. अक्कांना म्हटलं, परवा ट्रायलला सोबत चला, धीर येईल. त्यांनी लगेच हो म्हटलं. मला वाटलं होतं, विनवावं लागेल.


शनिवार, २ डिसेंबर

आज जे झालं ते झालं तसं लिहितो.

नऊला बंगल्यावर पोचलो. अक्का आधीच फाटकाशी उभ्या होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केस चापूनचोपून बांधलेले. मला जरा विचित्र वाटलं, पण म्हटलं, शेठच्या घरी यायचं म्हणून असेल.

अंगणात लग्नाचा मांडव पडला होता. बांबूंच्या मधून फाटकापर्यंत गाडी निघेल एवढीच वाट. शेठ, त्यांचे भाऊ, घरातली बायकामाणसं, सगळे ओसरीवर बघायला उभे. शेठनी किल्ली माझ्या हातात दिली. मी बसलो. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं की नाही हेच कळलं नाही, इतकं शांत. दांडा पुढच्या खुणेवर आणला आणि पाय ठेवला.

गाडी सुटली. पद्मिनीला जेवढा जोर द्यावा लागतो तेवढा मी दिला होता, आणि ही त्या जोरात फाटक ओलांडून रस्त्यावर गेली असती. ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा राहिलो. गाडी जागच्या जागी थांबली, एकही चाक घसरलं नाही. समोर मांडवाचा बांबू होता. बोनेट आणि बांबू यांच्यात माझा तळहात बसला असता. गाडीनं सगळं बरोबर केलं होतं. मी चुकलो होतो.

मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि शेठना सांगितलं की मला परवापर्यंत गाडी येत नव्हती आणि ही गाडी आजही येत नाही. सदरात लिहिलेली एकही गाडी मी चालवलेली नाही. ज्यांनी मला शिकवलं त्या ह्या.

शेठचा चेहरा उतरला. मग ते अक्कांकडे वळले.

"तुम्ही काय चालवलंय?"

"ट्रक. सावद्याहून केळी. अकरा वर्षं."

"अपघात?"

"एक. समोर बैलगाडी आली, ट्रक बांधावर चढवला. केळी गेली. बैल वाचले."

शेठचे भाऊ काठी टेकत ओसरीच्या पायरीवर आले आणि म्हणाले, "भाईदास, बाईंना मागं घेऊन दाखवायला सांग."

अक्कांनी चपला काढून अंगणातच ठेवल्या. सीट पुढे घेतली, वर घेतली, तिन्ही आरसे आपल्या डोळ्यांना लावले. त्या बटणांकडे त्यांनी पाहिलंही नाही. बोटं सरळ जागेवर गेली. आमच्या वाचनात त्यांनी ते पान दोनदा ऐकलं होतं. मग त्यांनी गाडी बांबूंच्या मधून उलटी नेली, वळवली आणि तोंड फाटकाकडे करून उभी केली. सगळं एका दमात. टायरखालची खडी जेमतेम वाजली.

शेठ उतरून आले आणि शेजारच्या जागेवर जाऊन बसले. "चला," म्हणाले. दोनच जागा. मी फाटकात उभा राहिलो. दोघं अजिंठ्याच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

पंचवीस मिनिटांनी परत आली. वाटेत काय झालं ते दोघांपैकी कोणी सांगितलं नाही. शेठ उतरले तेव्हा त्यांचे केस उभे होते आणि तोंडावर हसू होतं. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून अक्कांना बसायला दिली, चहा मागवला.

"उद्या सकाळी आठला," ते अक्कांना म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "आणि तुम्ही शेजारी बसा. लिहायला कोणीतरी पाहिजे."


रविवार, ३ डिसेंबर

आयुष्यात पहिल्यांदा आज गाडीतून गेलो असं वाटतं. आधी जे झालं ते नुसतं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचणं होतं.

आठला निघालो. शेठ आणि घरची मंडळी तासभर आधी पुढे गेली होती. गावात अक्का सायकलवाल्याच्या मागे सायकलच्या वेगानं चालल्या. बांभोरीच्या पुलावर गिरणेचा गार वारा आला तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली, पदर कमरेला खोचला, डोक्याला रुमाल बांधला आणि बटण दाबून धरलं. टप मागे गेलं. पात्रातल्या धुणाऱ्या बायका कपडे हातात धरून बघत राहिल्या. डावा पाय अक्कांनी मांडी घातल्यासारखा अंगाखाली दुमडून घेतला. त्याला खरंच काही काम नव्हतं.

पाळधी सोडल्यावर त्यांनी पाय जरा दाबला. मला पाठीमागून कोणीतरी मायेनं ढकलल्यासारखं झालं. ट्रक आणि एसटी वेग घेतात तेव्हा आधी आवाज करतात, मग हलतात. ही आधी हलते, आवाज मागाहून येतो, तोही मांजर घुरघुरावं तसा. खड्डा चाकाला कळतो, आपल्याला कळत नाही. वारा डोक्यावरून जातो, कानात शिरत नाही, आपल्याला बोलता येतं. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चाललेल्या. प्रत्येक बैलगाडीजवळ अक्का वेग इतका कमी करायच्या की बैल कान हलवत नव्हते. मग मोकळा रस्ता दिसला की पुन्हा ती मायेची ढकल.

उघड्या गाडीत शेतं बाजूनं जात नाहीत, आपण शेतांतून जातो. एरंडोलच्या आधी तुरीचा वास आला, नंतर कोणाच्या तरी गुऱ्हाळाचा. एसटीतली माणसं खिडक्यांतून बाहेर लोंबकळून बघत होती. एका म्हाताऱ्यानं आम्हाला रामराम घातला. अक्कांनी स्टेअरिंगवरची दोन बोटं उचलून परत घातला.

मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. स्टेअरिंग त्या घट्ट धरत नाहीत. तिथं तळहात नुसते ठेवलेले असतात, आणि गाडी जिकडे जायला पाहिजे तिकडे जाते. वळण यायच्या कितीतरी आधी त्या वळणाकडे बघतात. वळणात शिरेपर्यंत त्यांचे डोळे पुढच्या वळणावर गेलेले असतात.

पारोळ्याच्या पुढे रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंना कोणी नव्हतं. त्यांनी एकदा आरशात पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पाय खाली नेला. काटा एकशेवीसवर गेला. झाडं एकमेकांना चिकटली. पण गाडी जमिनीला आणखी दाबून बसली. जितका वेग वाढेल तितकी ती शांत होते. असं दुसरं काही मला माहीत नाही.

मग त्यांनी वेग सोडला.

"मागं माल नाही, अभिमन."

मला नीट कळलं नाही. मी म्हटलं, हो, डिकी रिकामी आहे.

"अकरा वर्षं मागं केळी होती. त्याच्या पुढं घर होतं, खाटेवरचा माणूस होता. आता स्कूलची गाडी, तर बाजूला शिकणारा बसलेला. नुसती गाडी मी आज चालवली." त्या हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. समोर मेंढ्या आल्या म्हणून ब्रेक दाबला.

साडेदहाच्या आत धुळ्यात. मांडवाच्या दारात गाडी थांबली तेव्हा सनईवाला वाजवायचा थांबला. नवरीकडच्या दोघातिघांनी ड्रायव्हर कोण म्हणून विचारलं. शेठ म्हणाले, ह्याच, आणि वरातीतही ह्याच चालवतील. अक्कांनी नको म्हटलं.

"वरातीत गाडी पायी चालवायची असते. ते तुमचा ड्रायव्हर करील. दहा मिनिटं द्या, मी शिकवते त्याला."

आणि शिकवलं. तो ड्रायव्हर आधी गाडीला नमस्कार करून बसला.

आम्ही जेवून एसटीनं परतलो. अक्कांना खिडकीशी झोप लागली. झोपेत त्यांचा उजवा पाय हळूहळू खाली जात होता.


मंगळवार, ५ डिसेंबर

लेख लिहायला बसलो. चार वेळा सुरुवात केली. 'ही गाडी हाताळताना मला' असं लिहितो आणि पेन थांबतं. आबांना अजून काही माहीत नाही. शेठ सांगणार नाहीत, असं त्यांनी मला लग्नातच सांगितलं. फोटोग्राफरनं शुक्रवारीच माझा गाडीला टेकून उभा फोटो काढून ठेवलाय. कोणालाही कळणार नाही.


बुधवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. सकाळी पुतळ्याजवळ रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे एक आई लहान मुलीला फलकावरची अक्षरं बोट लावून वाचून दाखवत होती. माझ्या वडिलांनी मला असंच शिकवलं, दुकानांच्या पाट्या वाचायला लावून. चुकलं की पाटीकडे परत न्यायचे. ओरडायचे नाहीत, फक्त परत न्यायचे.

तिथून सरळ आबांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. चारही लेखांचं सांगितलं.

आबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ते चार लेख मी छापले. वाचकांची माफी मीही मागायची." पाचवा खरा लिही, म्हणाले, त्याखाली मी चौकट टाकीन. कायम होण्याचं आता मार्चनंतर बघू. उद्यापासून बाजारभाव बघ. शोरूमवाल्यांना काय सांगायचं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.


शुक्रवार, ८ डिसेंबर

मसुदा अक्कांना वाचून दाखवला. लेखावर त्यांचंच नाव घालायचं मी ठरवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाल्या, "लिहिलं तू, नाव तुझं. गाडी मी चालवली असं लिही. आणि तू घाबरलास तेही लिही."

मी म्हटलं, लिहिलंय.

"एकशेवीस लिहिलंयस. काटा एकशे चाळीसवर होता."

मी म्हटलं, मी स्वतः पाहिलं.

"तू डोळे मिटले होतेस. एकशेवीसनंतर."

आजी कोपऱ्यात सुपारी कातरत होती. ती इतकी हसली की अडकित्ता बाजूला ठेवावा लागला. मी आकडा बदलला आणि डोळे मिटले तेही लिहिलं.


रविवार, १० डिसेंबर

छापून आलं. माझा फोटो नाही. पुलावर टप उघडायच्या आधी अक्का रुमाल बांधताहेत तो आहे. माझ्याच छोट्या कॅमेऱ्यातला, जरा हललेला. खाली आबांची चौकट, दोघांच्या सह्यांनी. दुपारपर्यंत आबांना सात फोन आले, चार शिव्यांचे. वाहनांचं सदर आता बंद.

बाजारभावाचं काम अवघड नाही. पण आता मिरचीचा भाव लिहायच्या आधी मी यार्डात जाऊन मिरची पाहून येतो.


रविवार, १७ डिसेंबर

शेठच्या भावाचं बिऱ्हाड मुंबईला चाललंय. गाडीही जायची. शेठनी अक्कांना बोलावून विचारलं, मुंबईपर्यंत नेऊन द्याल का. मला वाटलं, दुसऱ्या जागेवर भाऊ बसतील. पण ते रेल्वेनं जाताहेत, गुडघे दुमडत नाहीत म्हणाले. मग वाटलं, अक्का मला विचारतील. बाजारभावातून दोन दिवस सुट्टी कशी मागायची याचा मी विचारही करून ठेवला होता.

आज सकाळी सातला निरोप द्यायला बंगल्यावर गेलो. टप उघडं होतं. दुसऱ्या जागेवर झुंबरबाई बसल्या होत्या. कानाला मफलर, अंगावर शाल, मांडीवर पुरचुंडीत भाकरी. दोन्ही पाय वर घेऊन, ओसरीवर बसावं तशा. पिंपळनेरहून जळगावला आल्या तेव्हापासून त्या कधी धुळ्याच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. वाटेत पिंपळनेरला जाऊन यायचं ठरलंय. आडवळण आहे, पण शेठ म्हणाले, जाऊ द्या.

अक्का आरसे लावत होत्या. मी दाराजवळ जाऊन आजीला म्हटलं, ही गाडी फार जोरात जाते, भीती नाही वाटत?

आजीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही कामाचा प्रश्न विचारलाच नाही.

"भ्याव कसानं?" ती लेकीकडे हनुवटी करून म्हणाली. "गाडी मनी पोर चालाडी राह्यनी."